अकरा नंबरपुढचा ‘नाही’

पगारे भाऊंना फसवलं. ज्या कंपनीच्या जुन्या तेलविहिरींसाठी मी नाशिकहून गॅसचे टँकर भरून पाठवत होते, त्या कंपनीने फसवलं, आणि ‘नाही’ या एका शब्दाने फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण असा लेख म्हटलं की गेलेला माणूस किती प्रेमळ होता, किती हसतमुख होता, इथून सुरुवात करायची पद्धत आहे आणि तोवर वाचणाऱ्याचा चहा संपून जातो. भाऊ प्रेमळ होते की नाही ते पुढे कळेलच. कंपनीचं आणि तिथल्या साहेबांचं नावही मी लिहून दिलं होतं. पुरवणीच्या संपादकांनी ते काढायला लावलं. आमची अर्धा तास घासाघीस झाली आणि मी हरले. हरले म्हणजे एवढंच, की नाव गेलं. बाकीचं सगळं ठेवायला लावलंय मी.

बातमी आली तेव्हा मी नाशिकच्या अंबडमधल्या माझ्या आवारात वजनकाट्याजवळ उभी राहून एका टायरवाल्याशी भांडत होते. फोनवर निर्मला वहिनी, भाऊंच्या पत्नी. म्हणाल्या, “ताई, हे गेले.” मी घाईत होते. म्हटलं, “कुठे गेले?” त्या म्हणाल्या, “दाढी करायला बसले होते. साबण लावून झाला होता.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. उपनगर भागातल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा भाऊंना चटईवर झोपवलं होतं आणि चेहरा स्वच्छ, गुळगुळीत. मी बघतेय हे पाहून वहिनी हळूच म्हणाल्या, “एकच गाल झाला होता. दुसरा मी केला. तसंच कसं पाठवायचं?” मी रडणारी बाई नाही. त्या दिवशीही रडले नाही. पण उठताना न्हाणीघराच्या फळीवर दोन ब्रश दिसले, एक दाढीचा आणि एक गॅसचा, आणि मी ते दोन्ही नीट उभे करून ठेवले.

गॅसचा ब्रश म्हणजे काय ते सांगते. खूप वर्षांपूर्वी, नवरा गेल्यानंतर, मी नाशिकच्या शालिमारजवळ गोटी सोड्याची गाडी लावत होते. एका दुपारी खाकी पँट घातलेला एक उंच, काळासावळा माणूस सोडा प्यायला थांबला. बाटली तोंडाला लावायच्या आधी कान टवकारून म्हणाला, “बाई, तुमचा सिलिंडर बोलतोय.”

मी म्हटलं, “सोडा प्यायचा तर प्या. नाहीतर पुढं व्हा, मागे गिऱ्हाईक आहे.”

त्याने बाटली ठेवली, शर्टाच्या खिशातून दाढीचा ब्रश काढला, छोट्या डबीतल्या साबणावर फिरवला आणि माझ्या सिलिंडरच्या मानेला फेस फासायला लागला. मी ओरडले, “अहो, भर बाजारात कोणाची दाढी करताय?” लोक हसायला लागले. तो शांतपणे म्हणाला, “हे बघा. जिथं फुगतं तिथं चोर हाय.” आणि खरंच, नटाच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू फुगत होता, टचकन फुटत होता, पुन्हा फुगत होता. कितीतरी महिने माझा सिलिंडर लवकर संपत होता आणि मी रोज गॅसवाल्याला शिव्या घालत होते. त्याने वायसर बदललं, नट आवळला. मी विचारलं, काय द्यायचं? म्हणाला, “एक सोडा. लिंबू पिळून.” मी म्हटलं, लिंबाचे वेगळे पडतील. तो इतका हसला की ठसका लागला. पुढे कित्येक वर्षं, मी नवीन टँकर घेतला काय, आवार बांधलं काय, तो एकच विषय काढायचा, “सगळं खरं ताई, पर लिंबाचे वेगळे घेतले तुम्ही.”

भाऊ मूळचे निफाडकडच्या एका खेड्यातले. गुजरातेत तेलाच्या विहिरींवर तीस वर्षं त्यांनी विहिरीच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह, झाकणं, जोड सांभाळण्याचं काम केलं; सोड्याच्या गाडीशी भेटले तेव्हा सुट्टीवर आले होते. शिक्षण आयटीआयपर्यंत, पण मोठेमोठे इंजिनिअर त्यांना विचारून पाना लावायचे असं त्यांच्याबरोबरचे सांगत. वायुगळती शोधायची यंत्रं होतीच, पण भाऊंचा विश्वास फेसावर. “यंत्राची बॅटरी उतरते, साबणाची नाय उतरत,” असं म्हणायचे. निवृत्त होऊन उपनगरला आले तोवर मी सोड्याच्या गाडीवरून सिलिंडरच्या एजन्सीवर आणि तिथून टँकरवर पोचले होते. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळी आंबते तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो धरून, थंड करून, पातळ करून टँकरात भरायचा आणि सोडा कारखान्यांना, आग विझवण्याची साधनं भरणाऱ्यांना पुरवायचा, हा माझा धंदा. भाऊ दर मंगळवारी आवारात यायचे आणि न सांगता प्रत्येक टँकरच्या व्हॉल्व्हला ब्रश लावून जायचे. कोणाच्याही घरी जेवायला गेले तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या शेगडीचं रेग्युलेटर तपासायचे. वहिनींना लाज वाटायची. माझ्या मुलीच्या लग्नात आचाऱ्यांच्या भट्टीशी ब्रश घेऊन बसले होते, आणि फोटोत आहेत तसे.

आणखी एक सवय होती, आणि आता तिचंच मला राहून राहून वाटतं. भाऊ लिहिताना पूर्णविराम देत नसत. कार्बन पेपर घालून डुप्लिकेट बुकात लिहायचे, मोठं, गोल, शाळकरी अक्षर. विहिरीचा किंवा व्हॉल्व्हचा नंबर, पुढे निकाल. ठीक असेल तर ‘फेस नाही’. गळत असेल तर ‘फेस आला’. संपलं. मी एकदा चिडवलं, “भाऊ, टिंब द्यायला पैसे पडतात का?” ते म्हणाले, “वाक्य संपलं की वाचणाऱ्याला कळतं ताई. त्याला कुंपण कशाला?”

कुंपण हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी ते साहेब माझ्याकडे आले. आम्ही त्यांना स्लाईडवाले साहेब म्हणायचो, कारण चहा येईपर्यंतसुद्धा ते लॅपटॉप उघडून दाखवायचे. आपल्या नाशिकचेच, शुद्ध बोलणारे, गोड. गुजरातेत खाडीच्या अंगाला एक दमलेलं तेलक्षेत्र त्यांच्या कंपनीने चालवायला घेतलं होतं. सहज निघणारं तेल निघून गेलेलं, उरलेलं खडकाला चिकटून बसलेलं. तिथे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा. त्याने तेल निघेल आणि गॅस कायमचा जमिनीखाली राहील, हवा सुधारेल, आणि त्याची, कार्बन क्रेडिटची, प्रमाणपत्रंही विकता येतील. एका दगडात तीन पक्षी. मी विचारलं, टँकर किती लागतील? बाकीचं मला कळलं नव्हतं.

कळलं ते भाऊंकडून. आवारातल्या बाकावर बसून त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. “तुम्ही काय करायच्या? दाबून गॅस पाण्यात मुरवायच्या. हितं पाण्याच्या जागी तेल. गॅस तेलात मुरला की तेल फुगतं, पातळ होतं, खडकाला सोडून चालायला लागतं. मग दुसऱ्या विहिरीतनं वर. काही गॅस तेलासंगं वर येतो, तो पुन्हा खाली घालायचा. बाकीचा खाली ऱ्हातो.”

“राहतो कसा? सोडा उघडला की फसकन जातो.”

“गोटीनं. वरचा घट्ट खडक म्हणजे गोटी. लाखो वर्षं त्यानं तेल धरून ठेवलं, गॅस का नाय धरणार? धरंल. पर...” आणि त्यांनी खिशातला ब्रश चाचपला. “पर आपण त्या बाटलीला भोकं पाडून ठेवलीत ना ताई. जुन्या विहिरी. तेल संपलं की सिमेंट भरून बुजवल्या, वर झाकण मारलं. कोणी इमानदारीनं भरलं, कोणी पाच वाजले म्हणून घरी गेला. मी होतो तिथं. मला ठावं हाय कोण पाच वाजता घरी जायचा.”

मी त्या साहेबांशी सौदा केला. जुन्या बुजवलेल्या विहिरी तपासायला कोणीतरी जाणता माणूस हवा होता. नाव मीच सुचवलं. भाऊ सत्तरीकडे झुकलेले, पण इतके खूष झाले की नवीन बूट आणले. हे मुद्दाम लिहिते. त्यांना तिथे पाठवणारी मी.

दर महिन्याला ते आमच्या टँकरबरोबरच जायचे. ड्रायव्हर काशिनाथ, सटाण्याचा, अहिराणी बोलणारा, बोलका माणूस. वणीला टँकर थांबवून गडाकडे बघत काशिनाथ हात जोडायचा आणि भाऊ तेवढ्यात खाली उतरून मागच्या व्हॉल्व्हला फेस लावायचे. काशिनाथ म्हणायचा, “मी देवीले हात जोडस, भाऊ वालले साबण लावतस. दोन्हीस्ना भरोसा येकच शे.” आल्यावर भाऊ मला सांगत, “ताई, तुम्ही भरता तेवढं पोचत नाय, वाटेत थोडं उडतं. पोचतं तेवढं खाली जात नाय. जातं तेवढं ऱ्हातंय का, ते मी बघतोय. पर साहेब कागदावर तुमच्या काट्याचंच वजन धरतो.” मी म्हटलं, माझा काटा बरोबर आहे. “काटा बरोबर हाय हो,” ते म्हणाले, “हिशोब चुकीच्या टोकाला लावलाय.” मी ते ऐकून सोडून दिलं. नाशिकच्या काट्यावरचं वजन धरायचं, ही माझीच अट होती.

मग अकरा नंबर.

बुजवलेली विहीर. भोवती खारी जमीन, आणि एका बाजूला खोलगट जागा, तिथे मिठागरावर काम करणाऱ्यांची सात-आठ झोपड्या. भाऊंनी झाकणाच्या कडेला फेस लावला. फुगला. पुसून पुन्हा लावला. फुगला. हवा असेल, दलदलीतला दुसरा वायू असेल, असं कोणी म्हणू नये म्हणून काशिनाथच्या तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवला, निवळी वर येईपर्यंत उन्हात बसून राहिले, आणि फटीवर प्लास्टिकची पिशवी बांधून नळीने तो वायू निवळीत सोडला. निवळी दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपलाच गॅस. त्यांनी लिहिलं, ‘११ फेस आला’. मला तिथूनच फोन केला. आवाज बदललेला होता. “ताई, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो. वारा पडला की खळग्यात साचतो. वास नाय, रंग नाय. त्या झोपड्यांतली माणसं चटया बाहेर टाकून जमिनीसरशी झोपत्यात.” म्हटलं, साहेबांना सांगितलं का? “लिहून दिलं. पान फाडून हातात दिलं. वहीबी जमा करून घेतली त्यांनी.” त्यानंतर भाऊंना कामावर बोलावणं आलं नाही. तपासणी पूर्ण झाली, असं सांगण्यात आलं.

काही महिन्यांनी कंपनीचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर, आणि मधोमध एका पानावर भाऊंच्या वहीतल्या पानाचा फोटो. अनुभवी स्थानिक तंत्रज्ञाने हाताने केलेली नोंद म्हणून मिरवलं होतं ते. खाली भाऊंची सही. मला इतका आनंद झाला की मी पेढे आणले आणि फोन केला, “भाऊ, तुमचं अक्षर छापून आलंय, या!” ते आले. चष्मा लावला. पेढा हातात तसाच. बोट ओळीवरून फिरवत खाली आले... एक फेस नाही, दोन फेस नाही, तीन फेस नाही... आणि बोट थांबलं. ‘११ फेस आला नाही’.

त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला. मग म्हणाले, “‘फेस आला’ माझं हाय. ‘नाही’ माझं नाय.”

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. इंग्रजीत लिहिलं असतं तर आख्खं वाक्य खोडावं लागलं असतं. मराठीत नुसता एक शब्द पुढे जोडला की झालं. भाऊंनी पूर्णविराम दिला नव्हता. जागा मोकळी होती.

भाऊ दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या नाशिकच्या ऑफिसात गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. साहेब गोड हसले. म्हणाले, “भाऊ, अक्षर तुमचं, सही तुमची. वय झालं की होतं असं. अर्धं वाक्य आठवतं, अर्धं आठवत नाही.” बाजूच्या दोघा-तिघांनी दात काढले. भाऊंनी ब्रश काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आत्ता चला. माझ्यासंगं चला. तुम्ही फेस लावा, मी हात पाठीमागं बांधतो.” साहेबांनी शिपायाला बोलावून भाऊंसाठी रिक्षा मागवली.

तीस वर्षं त्या माणसाने गळती असेल तर गळती म्हटलं, वरच्या साहेबांच्या तोंडावर म्हटलं, दोनदा बदली झाली तरी म्हटलं. आणि म्हातारपणी त्याच्याच अक्षरात त्याला खोटं बोलायला लावलं. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. मला जे शब्द येतात ते छापण्यासारखे नाहीत.

मी पेटले. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं ते खुर्चीला आपटेपर्यंत उघडलं. म्हटलं, “टँकर थांबवते. उद्यापासून एक थेंब मिळणार नाही. तोंडाला फेस आणीन.” साहेब घाबरले. खरंच घाबरले, कारण एवढा गॅस इतक्या जवळून देणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे नव्हतं. आणि समोरचा घाबरला की मला भूक लागते, ही माझी जुनी खोड. मी सौदा करायला बसले. पुढच्या अहवालात दुरुस्ती छापायची, अकरा नंबर पुन्हा सिमेंटने भरायची, झोपड्या हलवायच्या, आणि ओघात माझा करारही आणखी दोन वर्षं वाढवायचा. साहेब प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. करार वाढवल्याचा कागद तिथेच टाईप करून सही करून दिला. बाकीच्याला म्हणाले, “ताई, शब्द देतो.” आयुष्यभर मी कोणाचा नुसता शब्द घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. कागद माझ्या कामाचा झाला होता, भाऊंच्या कामाचा नव्हता, हे मला जिना उतरताना कळायला हवं होतं. मी मात्र जिंकल्यासारखी थेट उपनगरला गेले. “भाऊ, झालं काम!”

त्यांनी विचारलं, “लिहून घेतलं का?”

“शब्द घेतलाय.”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, “ताई, शब्दच तर चोरलाय त्यांनी.” आणि मग वहिनींना हाक मारली, “अगं, सोडाताई आल्यात. लिंबू सरबत कर.” माझ्याकडे वळून, “लिंबाचे वेगळे घेणार नाय आम्ही.”

त्यानंतर आठ महिने ते जगले. पुढचा अहवाल आला, त्यात दुरुस्ती नव्हती, उलट तेच पान पुन्हा छापलेलं होतं. सिमेंट नाही, झोपड्या तिथेच. मी साहेबांना फोन केला की ते मीटिंगमध्ये. भाऊंचं मंगळवारी येणं हळूहळू थांबलं. आले तरी ब्रश खिशातच. मी म्हणायचे, टँकर बघा की भाऊ. ते म्हणायचे, “मी बघून काय उपयोग? मी ‘आला’ म्हणायचो, तुम्ही कशाला भरोसा ठेवायचा?” मी हसण्यावारी न्यायचे. टँकर मात्र जात राहिले. करार होता ना.

बुद्धविहारात त्यांचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं, त्रिशरण-पंचशील झालं, वस्तीतल्या चार जणांनी आठवणी सांगितल्या. आणि मग ते साहेब उठले. हार घेऊन आले होते. माईक हातात धरून म्हणाले, “पगारे भाऊंनी तपासलेली एकेक विहीर आजही सुरक्षित आहे, हीच त्यांना आदरांजली.” मी उठलेच होते. हातात पाण्याचा तांब्या होता, तो कुठे गेला असता सांगता येत नाही. वहिनींनी माझं मनगट धरलं, घट्ट, त्यांच्या त्या काटकुळ्या हाताने. कानाशी म्हणाल्या, “इथं नाही ताई. हे ठिकाण त्यांचं आहे. घरी या, तुम्हाला काहीतरी द्यायचंय.”

घरी त्यांनी साबणाची स्टीलची डबी आणि तो ब्रश माझ्या हातात ठेवला. “हे तुमच्याकडे शोभेल. मला बघवत नाही.” आवारात येऊन मी डबी उघडली. साबणाच्या वडीखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एक चौकोनी घडी होती. कार्बन पेपर. भाऊ कंजूस, एकेक कार्बन झिजून पांढरा होईपर्यंत वापरायचे. हा मात्र कोरा करकरीत होता, एकदाच वापरलेला. काशिनाथ शेजारी होता. तो बघताच म्हणाला, “ताई, तो त्याच दिनना शे. जुना फाटी गया व्हता, भाऊनी माले भरूचले नवा लेवाले लावला.” म्हणजे अकरा नंबर तपासल्याचा दिवस, भाऊंच्या कामाचा शेवटचा. म्हणून त्या कार्बनवर दुसरं पान उमटलंच नाही. वही जमा करून घेणाऱ्यांना कार्बनची आठवण राहिली नाही.

मी तो खिडकीच्या काचेला लावला. दुपारचं ऊन होतं. काळ्या कागदात भाऊंचं गोल अक्षर उजेडाचं होऊन दिसायला लागलं... एक फेस नाही, दोन फेस नाही... आणि खाली, ‘११ फेस आला’. त्यापुढे काळं. सलग, अखंड काळं. एक रेघ नाही, एक टिंब नाही.

काशिनाथने टोपी काढली. “फेस उना व्हता, ताई. मी सोता देखं.” त्याच्या बोलीत ‘उना’ म्हणजे आला.

भाऊंनी तो कागद मुद्दाम जपला, की साबणाखाली विसरून राहिला, मला माहीत नाही. पण जपला असेल तर मला का दाखवला नाही? याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी रोज गिळते. मी त्यांना सांगून आले होते ना, झालं काम म्हणून.

त्या कंपनीने किती कार्बन जमिनीखाली ठेवला ते त्यांनी त्यांच्या स्लाईडवर बघावं. या एका कागदावरचा कार्बन मात्र जिथे ठेवला तिथे राहिलाय. त्याचे फोटो काढून, वकिलाकडे एक प्रत ठेवून, मूळ कागद मी बँकेत ठेवलाय. माझे टँकर तेव्हापासून आवारात उभे आहेत. करार मोडल्याची नोटीस आली, तीही फाईलला लावलीय. साहेबांचा फोन आला, गोडच बोलले, “ताई, समजुतीने घेऊ. तुम्ही तर व्यवहारी बाई.” मी म्हटलं, हो, व्यवहारीच आहे, म्हणून साधा प्रश्न विचारते. सगळ्या विहिरींपुढे जो माणूस ‘फेस नाही’ लिहितो, तो एका विहिरीपुढेच ‘फेस आला नाही’ कशाला लिहील? फोन बंद झाला. अजून बंदच आहे.

ब्रश माझ्या टेबलावर आहे. केस झिजलेत, मुठीवर भाऊंच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. दर मंगळवारी मी स्वतः तो साबणावर फिरवते आणि उभ्या टँकरांच्या व्हॉल्व्हना लावत जाते. मला भाऊंसारखं जमत नाही, फेस ओघळतो. पण चोर कुठे आहे ते कळतं.

या लेखात मी प्रत्येक वाक्याला पूर्णविराम दिलाय. छापायच्या आधी दोनदा तपासून घेतलाय. माझ्या कोणत्याही शब्दापुढे आता कोणाला काही जोडता येणार नाही.

साहेब, तुम्ही ही पुरवणी वाचता, मला माहीत आहे. ब्रश मी आणते, साबण मी आणते, काशिनाथ गाडी काढायला तयार आहे. अकरा नंबरवर चला. त्या झोपड्यांतल्या माणसांसमोर, कॅमेऱ्यासमोर, तुमच्या हाताने फेस लावा. नाही आला, तर मी याच पानावर तुमची माफी मागेन आणि टँकर फुकट भरीन. आला, तर तिथेच उभं राहून निर्मला वहिनींना फोन लावा आणि एवढंच सांगा. पगारे भाऊंच्या सहीवर तो ‘नाही’ कोणी लिहिला?

मी वाट बघतेय. उत्तर द्या.